शेवटचा रकाना

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला व्यासपीठावर बोलायची सवय नाही. पंचवीस वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, आणि आमच्या धंद्यात माणसं एकमेकांशी कमी आणि पडद्याशी जास्त बोलतात. तरी आज मी स्वतःहून नाव दिलं. संयोजकांनी विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हटलं, "मॉनिटर."

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. आपल्या वर्गातला हा मित्र वीस वर्षं आपल्या तालुक्याच्या आमदारांचा स्वीय सहायक होता. लोकांच्या भाषेत, आमदारांचा पीए. २००४ च्या निवडणुकीनंतर तो त्या कार्यालयात बसला. २०२४ ला आमदारांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं, आणि यानेही कार्यालयाच्या किल्ल्या ठेवल्या. आज इथे त्याचा सत्कार करायचा आपला बेत होता. त्याने तीन अटी घातल्या: शाल नाही, श्रीफळ नाही आणि भाषणात नाव नाही. मी विचारलं, "नाव का नको?" म्हणाला, "वीस वर्षं साहेबांच्या नावाने पत्रं लिहिली. आता एकदम स्वतःचं नाव ऐकलं तर दचकायला होईल." म्हणून मी त्याला आपण शाळेत म्हणायचो तेच म्हणणार आहे.

मॉनिटर हे नाव कसं पडलं ते तुम्हाला आठवत असेल. आठवीत सर बाहेर गेले की गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम याच्याकडे होतं. बाकीचे मॉनिटर आपल्या मित्रांची नावं गाळायचे. हा गाळत नव्हता. माझं आणि याचं घर एकाच गल्लीत, आमच्या आया एकमेकींकडे वाटीभर साखर मागायला जायच्या, तरी त्याने माझं नाव लिहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, हातही जोडले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नावाखाली रेघ मारली. सरांनी मला बाकावर उभं केलं. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

ही गोष्ट गंमत म्हणून सांगत नाही. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आमदाराचा पीए म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कानाला फोन, पांढरी गाडी, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगणारा माणूस. असेही पीए असतात, मी पाहिलेत. मॉनिटरचं कार्यालय बाजारातल्या एका दुकानावर होतं. दोन खोल्या, एक लाकडी बाक, पाण्याचा माठ, आणि भिंतीला लावलेल्या चार लोखंडी मांडण्या. या नोकरीत त्याला बढती नव्हती आणि पेन्शनही नाही. माजी आमदाराला पेन्शन असते, त्याच्या सहायकाला नसते. निवडणूक हरली की नोकरी गेली, दर पाच वर्षांनी हा हिशोब. आपण बाकीचे घरांचे हप्ते फेडत होतो तेव्हा त्याच्या बायकोने शिवणकाम करून घराची एक बाजू सांभाळली. वहिनी, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. आजचा निम्मा मान तुमचा आहे.

त्या कार्यालयात काय चालायचं? सकाळी आठला बाक भरायचा. कुणाची संजय गांधी निराधार योजनेची रक्कम तीन महिने खात्यावर आलेली नसायची. कुणाच्या सातबाऱ्यावर बाप जाऊन सहा वर्षं झाली तरी वारसाची नोंद नसायची. पेरणीच्या तोंडावर डीपी जळायचा आणि सगळा शिवार अंधारात जायचा. कुणाचं रेशनकार्ड फाटलेलं, कुणाच्या पोराचा जातीचा दाखला अडकलेला आणि कॉलेजच्या प्रवेशाची मुदत उद्याची. एखादी बाई नुसतीच बसून राहायची. तिला काय हवंय ते कळायला अर्धा तास लागायचा, कारण आधी तिला रडायचं असायचं.

यातलं एकही काम आमदाराने स्वतः करायचं नसतं. ते तहसीलचं, वीज कार्यालयाचं, पंचायत समितीचं, बँकेचं काम असतं. पण कोणत्या कामाला कोणतं दार वाजवायचं, हे आपल्या गावच्या माणसाला कुणी शिकवलेलं नाही. मॉनिटर ते दार दाखवायचा. अर्ज नीट लिहून द्यायचा. म्हणायचा, "पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोचेवर शिक्का आणि तारीख बघा." २०१५ ला महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला, ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. त्याने कोणत्या सेवेला किती दिवस याची यादी मोठ्या अक्षरात लिहून बाकासमोरच्या भिंतीवर चिकटवली. त्यानंतर कितीतरी लोक यादी वाचून, "मग मी आधी तिकडंच जातो की," म्हणून बाकावरून उठून जायचे. त्याला याचा फार आनंद व्हायचा. आपल्याकडे गर्दी कमी झाली म्हणून खूश होणारा पुढाऱ्याचा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता दुसरी बाजू, विधिमंडळाची. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला धरून नागपूरला. टीव्हीवर आपल्याला सभागृहातला गोंधळ दिसतो. पण त्याआधी कित्येक दिवस कागदावर काम झालेलं असतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, या प्रत्येकाचा वेगळा नमुना आणि वेगळी मुदत. मुदत चुकली की तो विषय पुढच्या अधिवेशनावर गेला.

तारांकित प्रश्नाची भाषा तुम्ही ऐकली असेल. "अमुक गावात तमुक गोष्ट नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरं येतात, "हे अंशतः खरे आहे," किंवा "प्रश्न उद्भवत नाही." मॉनिटर म्हणायचा, "अगं, प्रश्न ढिला विचारला की उत्तर सटकतं."

याचं एक उदाहरण आपल्या शाळेशी जोडलेलं आहे. २०१३ च्या सुमाराची गोष्ट. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत होता, बसही चालू होती. तरी एका बाजूच्या सात-आठ गावांतल्या मुली आठवीनंतर गळत होत्या. बाईंनी, म्हणजे आपल्या गणिताच्या बाईंनी, त्याला बोलावून हजेरीपट दाखवला. मुली येत होत्या, पण रोज पहिला तास बुडत होता, आणि शेवटचा तास सोडून त्यांना पळावं लागत होतं. पहिला तास गणिताचा. वर्षभर पहिला तास बुडाला की मुलगी गणितात नापास, आणि नापास झाली की बाप म्हणणार, "बस झालं."

"मुलींसाठी बस नाही, हे खरे आहे काय?" असा प्रश्न गेला असता तर उत्तर आलं असतं, "हे खरे नाही." मॉनिटर सलग दहा दिवस सकाळी फाट्यावर जाऊन उभा राहिला. बस किती वाजता येते ते वहीत लिहिलं. शेजारी शाळेच्या घंटेची वेळ लिहिली. मग प्रश्नाचा मसुदा केला: बस शाळेजवळ पोचण्याची वेळ आणि शाळा भरण्याची वेळ यांत चाळीस मिनिटांचा फरक आहे, हे खरे आहे काय? याला "अंशतः" म्हणायला जागाच नव्हती. प्रश्न सभागृहात तोंडी उत्तरापर्यंत पोचलाही नाही. प्रश्नोत्तराच्या तासात असे बरेच प्रश्न मागे राहतात. पण माहिती मागवणारा कागद वरून खाली आला, आणि उत्तर लिहायच्या आधीच बसची वेळ बदलली. त्या बसमधल्या दोन मुली आज इथे शिक्षिका म्हणून मागे उभ्या आहेत. त्यांना कदाचित आजच कळत असेल की सातवीत असताना त्यांची बस लवकर का यायला लागली.

आपल्या राज्याची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ ला देशानेही तसा कायदा केला. त्यामागे वि. स. पागे यांचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण असा कोणताही मोठा कागद कुणीतरी लिहून काढलेला असतो, कुणीतरी वेळेत पोचवलेला असतो. बसची वेळ ही त्या मानाने चिमूटभर गोष्ट. पण ज्या घरात त्यामुळे मुलगी शिकली, त्या घराला ती कायद्याएवढीच मोठी.

अधिवेशन मुंबईला असलं की तो देवगिरी एक्स्प्रेसने जायचा, आणि आमदार निवासात साहेबांच्या खोलीत मुक्काम. मी एकदा ऑफिसच्या कामाने मुंबईत होते, तेव्हा भेटायला गेले. मला वाटलं होतं, आमदारांची खोली म्हणजे सोफे, गालिचे. दार उघडलं तर जमिनीवर ओळीने अंथरुणं. टाटा आणि केईएमला दाखवायला आलेले आपल्या तालुक्यातले लोक आणि त्यांचे नातेवाईक. कोपऱ्यात स्टोव्हवर खिचडी. मॉनिटर दाराशी खुर्चीवर बसून लक्षवेधीचं टिपण लिहीत होता, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या गुडघ्यावर वही होती, लाल कापडी बांधणीची. तीच ही वही, जिच्याबद्दल मला आज मुख्य सांगायचं आहे.

पण त्याआधी मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच इथे सांगते.

२०१० साली माझा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता, गावापासून नव्वद किलोमीटरवर. मूल लहान, आईवडील थकलेले. मी पुण्याहून मॉनिटरला फोन केला. म्हटलं, "तुझ्या साहेबांचं एक पत्र दे आणि एक फोन करायला सांग. एवढं काम तर तू करशीलच."

तो म्हणाला, "पत्र देतो. पण तुझ्या भावाच्या आधी वहीत अकरा जण आहेत. त्यात एक बाई आहेत, त्यांच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांच्याआधी तुझ्या भावासाठी फोन कसा करायला सांगू?"

मी म्हटलं, "अरे, आपण एका गल्लीतले."

तो म्हणाला, "म्हणून तर बाराव्या नंबरवर लिहितोय. नाहीतर आज फोन लागला नसता, उद्या तेरावा झाला असता."

तो हसत होता. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं आमदाराच्या दारात बसून तुझा उपयोग काय?" आणि फोन ठेवला. त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. बाकावर उभं केल्यावर आठवडाभर अबोला धरला होता, आता मोठी झाले होते, म्हणून अकरा वर्षं.

२०१८ मध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. सेवेची वर्षं, आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण, यांवरून संगणकाने क्रम लावला. माझ्या भावाचीही त्यात बदली झाली. मी ऑफिसमध्ये अभिमानाने सांगत होते की, बघा, आता वशिला नाही, नियम सगळ्यांना सारखा. बोलता बोलता मी गप्प झाले. हाच नियम आठ वर्षांपूर्वी एका माणसाने हाताने, वहीत, रोजच्या शिव्या खाऊन पाळला होता. संगणकाला कुणी गल्लीतलं नसतं, त्याला रांग पाळणं सोपं आहे. मी पाळायला सांगितलेल्या रांगेत माझाच भाऊ होता, तेव्हा मी ती मोडायला सांगितली होती.

हे कळूनही मी फोन केला नाही. चूक कळणं आणि फोन करणं यांत किती अंतर असतं, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल.

२०२० ला वडील गेले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं. सेवापुस्तकात तिचं माहेरचं नाव होतं आणि आधार कार्डावर सासरचं. मी पुण्यात बसून ईमेल पाठवत होते, त्यांना उत्तरं येत नव्हती. दर वेळी नवा कागद मागायचे. मला वाटलं, होईल कधीतरी. आईला पैशाची अडचण नव्हती, मी पाठवत होते. एक दिवस तीच म्हणाली, "तुझे पैसे आहेत गं. पण ते त्यांचे आहेत, ते मला पाहिजेत."

मला न सांगता आई मॉनिटरच्या बाकावर जाऊन बसली. गल्लीतली काकू म्हणून त्याने तिला चहा दिला. मग वही उघडली आणि नंबर टाकला. तिचं काम व्हायला सात महिने लागले. प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा पुरावा, पुन्हा प्रस्ताव, पुन्हा त्रुटी, पुन्हा प्रस्ताव. ज्या दिवशी खात्यावर रक्कम जमा झाली, त्या दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "काकू, पासबुक भरून आणलं का? मला बघू द्या." पासबुकातली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि मगच वहीत काहीतरी लिहिलं.

आईने हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याच रात्री गाडीत बसले.

सकाळी आठला मी त्याच्या बाकावर होते. नंबर माझा चौथा. माझी पाळी आली तेव्हा त्याने वर बघितलं आणि विचारलं, "काम काय?" मी म्हटलं, "माफी मागायची आहे." त्याने पेन उचललं आणि म्हणाला, "कुणाकडे पाठवू?" मग आम्ही दोघंही हसलो. माझं त्या दिवशी निम्मं हसू होतं आणि निम्मं रडू.

त्या दिवशी त्याने मला वही दाखवली. नंबर, तारीख, नाव, गाव, काम, कुणाकडे पाठवलं, उत्तर काय आलं, पुढची तारीख. आणि शेवटचा एक रकाना. त्याचं शीर्षक होतं, "हातात आलं?"

मी सॉफ्टवेअरवाली. मला वाटलं, मी याला छान प्रणाली करून देते. दोन महिने रात्री बसून करून दिली. मोबाइलवर चालणारी, आठवण करून देणारी, रंगीत आलेख काढणारी. आमच्या धंद्यात आलेल्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक असतो, आणि उत्तर पाठवलं की ती "बंद" होते. मीही तसंच केलं. पंधरा दिवसांनी त्याने मला फोन केला. म्हणाला, "तुझं यंत्र म्हणतंय की माझी साठ कामं झाली. माझी वही म्हणते एकोणीस झाली. बाकीच्यांना उत्तर गेलंय, पण कुणाच्या हातात काही आलेलं नाही."

मित्रांनो, पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं नेमकं कुणी सुनावलेलं नाही. ज्याने अर्ज केला, त्याच्या दृष्टीने पत्र पाठवणं, फाईल पुढे सरकणं, "कार्यवाहीस्तव रवाना" असा शेरा पडणं, यातलं काहीही काम नसतं. निराधार बाईच्या हातात पैसे आले, पोराच्या हातात दाखला आला, डीपीला जोडलेल्या मोटारीचं पाणी रानात आलं, की काम झालं. त्याआधी नाही. मी माझ्या प्रणालीत तो रकाना घातला. नंतर ऑफिसमध्येही आमच्या गटाने तक्रार "बंद" करण्याआधी ग्राहकाला विचारायला सुरुवात केली. आमचे आकडे सुरुवातीला फार वाईट दिसायला लागले. साहेब लोक नाराज झाले. पण पहिल्यांदाच ते आकडे खरे होते.

मी त्याची आरती करते आहे असं तुम्हाला वाटेल, आणि त्यालाही ते आवडणार नाही. म्हणून त्यानेच मला एक गोष्ट सांगायला लावली आहे. "ती सांगणार असशील तरच बोल," असं बजावलं आहे.

२०१७ साली एका शेतकऱ्याचा विहिरीत पडून मृत्यू झाला. शेतकरी अपघात विम्यात त्याच्या घरच्यांना दोन लाख रुपये मिळायला हवे होते. बायकोने कागद आणून दिले. अधिवेशनाची धावपळ चालू होती. मॉनिटरने कागद घेतले, पण वहीत नोंद राहून गेली, आणि ते दुसऱ्याच गठ्ठ्यात गेले. सापडले तेव्हा मुदत संपलेली. त्याने वरपर्यंत पत्रं केली, काही झालं नाही. तो तिच्या घरी गेला आणि सांगितलं, "वहिनी, चूक माझी आहे, कार्यालयाची नाही." ती काही बोलली नाही. त्याने स्वतःच्या पगारातून तिच्या मुलाची फी भरली, मुलगा आयटीआय होईपर्यंत. पण तो म्हणतो, "ते दोन लाख त्यांच्या हक्काचे होते. फी ही माझी मेहेरबानी झाली. हक्काच्या जागी मेहेरबानी बसत नाही." त्या वर्षीच्या वहीत एक ओळ तारखेचा क्रम सोडून, मागाहून लिहिलेली आहे. तिचा शेवटचा रकाना अजून रिकामा आहे.

आता निरोपाचं सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली, निकाल लागला, दुसऱ्या पक्षाचे आमदार आले. अशा वेळी जुनं कार्यालय रातोरात रिकामं होतं, कागद रद्दीत जातात. मॉनिटरने दीड महिना रोज कार्यालयात बसून, बिनपगारी, अपुऱ्या राहिलेल्या कामांची यादी केली. माझी प्रणाली त्या वेळी उपयोगाला आली, एवढंच माझं समाधान. ज्यांची कामं होती त्यांना एकेकाला विचारलं, "तुमचे कागद नव्या साहेबांकडे दिले तर चालतील का?" जे हो म्हणाले त्यांचे गठ्ठे बांधले आणि नव्या आमदारांच्या कार्यालयात नेऊन दिले. जे नाही म्हणाले त्यांचे कागद त्यांच्या घरी पोचवले. आपल्याच बाजूची माणसं त्याला म्हणाली, "त्यांना कशाला तयार ताट वाढतोस?" तो म्हणाला, "ताट त्यांचं नाही. म्हातारीची पेन्शन आहे ती. तिने मत कुणाला दिलं, ते वहीत लिहायला रकाना नाही."

नव्या कार्यालयात बसलेल्या मुलाला, वय असेल सव्वीस-सत्तावीस, त्याने चार दिवस शेजारी बसून काम दाखवलं. पोच कशी घ्यायची, प्रश्नाचा मसुदा कसा करायचा, कोणत्या कार्यालयात कोण ऐकून घेतं. पहिल्या दिवशी तो मुलगा संशयाने बघत होता. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "काका, ही वही कुठं मिळते?"

मॉनिटर, आता थोडं तुझ्याशी बोलते. तू आपल्या तुकडीत सगळ्यात कमी पगार घेतलास आणि सगळ्यात जास्त लोकांची नावं तुला पाठ आहेत. मुलीच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला तू गेला नाहीस, कारण ते दरवर्षी नागपूरच्या अधिवेशनातच यायचं. ती आज इथे आली आहे, तिला हे सांगायला की तिचे बाबा कुठे होते. तू आता काय करणार, असं मी परवा विचारलं, तर म्हणालास, "दुपारचं जेवण दुपारी करणार." ते कर. पण आमच्या तुकडीने एक ठरवलं आहे आणि ते तुझ्या अटींत बसतं, कारण त्यात शाल नाही, श्रीफळ नाही आणि तुझं नावही नाही.

मुख्याध्यापकांनी शाळेची एक खोली दर रविवारी सकाळी दोन तास द्यायचं मान्य केलं आहे. आपल्यातले जे गावात आहेत ते आळीपाळीने तिथे बसतील आणि लोकांना अर्ज लिहून देतील. जे बाहेर आहेत ते फोनवर मदत करतील. दहावीच्या मुलांनाही बसवू, त्यांना अर्ज लिहायला आणि पोच घ्यायला आत्ताच येऊ दे. तू सुरुवातीचे तीन महिने आम्हाला शिकव. नंतर खुशाल घरी जेवायला जा. वही मी आणली आहे, लाल कापडी बांधणीची. रकाने आखून घेतलेत. शेवटचा रकाना आहे.

आणि सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आठवीत फळ्यावर माझं नाव आलं होतं, तेव्हा मी खरंच बोलत होते.